चाचांचा शनिवार

जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार, सलाम.

जरा थांबा हं. माईक हातात घेतला खरा, पण सुरुवात कुठून करू ते कळेना. मी कुस्तीची कोच. दिवसभर शिट्टी आणि आरडाओरडा. माझा आवाज चौकापर्यंत ऐकू येतो असं लताकाकू म्हणतात. आणि आज बघा, फुटतच नाहीये. चाचा असते तर म्हणाले असते, "उषे, एवढ्या मोठ्या पोरी पाडल्यास आन माईकला भ्यालीस व्हय?" भ्याले चाचा. भ्याले.

इथल्या बऱ्याच जणांना मी माहीत आहे. पण चाचांचे नेवाशाकडचे पाहुणे आलेत, एमआयडीसीतले जुने कामगार आलेत, म्हणून सांगते. मी उषा. पाथर्डी तालुक्यातली, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली. गुलाबचाचा नात्यानं माझे कोणी नव्हते. आणि गेल्या गुरुवारी दुपारी ते जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत, तेव्हा मातीला जाताना लोक मलाच विचारत होते, "बाई, पुढं काय करायचं?" म्हणजे मी कोण झाले होते त्यांची, ते तुम्हीच ठरवा.

चाची इद्दतीत आहेत, नवऱ्यामागं चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायच्या नाहीत. लताकाकूंनी मोबाईल चालू ठेवून समोर धरलाय, चाची पलीकडून ऐकतायत. चाची, येतोय का आवाज? येतोय म्हणतात. सकाळी आमचं ठरलंय, दोघींनीही रडायचं नाही. बघू कोण पाळतं.

आपण आत्ता बसलोय ते चाचांच्या वर्कशॉपचं पटांगण. हे मागचं शटर बंद मी आज पहिल्यांदा बघतेय. आत दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि एक रेडिओ. सहा दिवस चाचा लोखंडाशी बोलायचे आणि सातव्या दिवशी कुस्त्या बघायला जायचे. कुठल्याही गावची यात्रा असू द्या, कुस्त्यांचा हगामा भरला की चाचा एसटीनं हजर. स्वतः कधी लंगोट कसला नाही. चाचींना विचारा. एकदा घरात डाव दाखवायला गेले आणि कपाट पाडलं. पण कुस्ती बघावी ती चाचांनीच. शेजारच्याचा दंड धरून, "आता लंगी मारतंय बघ, मार, मार!" असं ओरडत. शेजारच्याचा दंड काळानिळा.

असेच ते आमच्या गावच्या यात्रेला आले.

आमच्याकडं हगाम्याच्या सुरुवातीला बारक्या पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लावतात. जिंकला त्याला मूठभर रेवड्या. माझा धाकटा भाऊ उतरला, पडला, आणि रडत बाहेर आला. मला आला राग. मी परकराचा काष्टा मारला आणि घुसले आत. लोक ओरडायला लागले, "ए पोरी, भाईर हो!" ज्यानं माझ्या भावाला पाडलं होतं तो पोरगा माझ्याकडं बघून हसला. तो हसत असतानाच मी त्याला खाली घेतला. डाव-बिव काही नाही. उसाची मोळी उचलतात तसा उचलला आणि टाकला. ते काम मला येतच होतं.

रेवड्या मिळाल्या. त्या भावाला दिल्या. आणि गर्दीतून एक पांढऱ्या दाढीचा, जाळीची टोपी घातलेला माणूस माझ्यापुढं येऊन उभा राहिला. नखांत काळं ग्रीस. म्हणाला, "कोनाची गं तू?"

मी आबांकडं बोट दाखवलं. आबा, तुम्ही समोर बसलाय, चुकलं तर सांगा मला. चाचा आबांकडं गेले आणि नाव-गाव काही न विचारता म्हणाले, "पाव्हनं, पोरीला कुस्ती शिकवा."

आबा म्हणाले, "शिकवतो की. ऊस तोडायला तुमी येता का मंग?"

झालं. दुसरा कोणी असता तर तिथूनच परत फिरला असता. चाचा पुढच्या रविवारी पुन्हा आले. त्याच्या पुढच्याही. आमच्या दारात बसायचे, आईच्या हातचा काळा चहा प्यायचे आणि तेच बोलायचे. एक ट्रस्ट आहे, मुलींना कुस्तीची शिष्यवृत्ती देतो. शाळा, वसतिगृह, शिकवणारा कोच, बूट, कपडे, सगळं त्यांचं. बारावीपर्यंत. पण निवड चाचणी असते आणि प्रत्येक वजनगटातून एकच मुलगी घेतात. चाचणी दसऱ्याच्या आधी. तोवर पोरीला नगरला ठेवा, मॅटवर उतरवा, शाळेत घाला.

आणि दसऱ्यानंतर आमच्या गावाचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ट्रॅक्टर येतात, घरांना कुलपं लागतात, अर्धं गाव कारखान्यावर. मीही जायची. उसाच्या फडात आई-आबा तोडायचे, मी पाचटाच्या कोपीत भावाला सांभाळायची, भाकरी टाकायची, मोळ्या उचलायची. शाळेत माझं नाव होतं आणि मी नव्हते. मी आठवीत जायच्या बेतात होते आणि मला धड भागाकार येत नव्हता.

आबा मुलीला शिकवायच्या विरोधात नव्हते, हे मी इथं ठासून सांगते. पण घाबरत होते. गावात कुजबूज सुरू झालीच होती. मुसलमानाच्या घरात पोरगी ठेवणार? आबांच्या तोंडून ते निघेना. शेवटी चाचांनीच काढलं. म्हणाले, "लोक काय बोलतेत ते मला म्हाईत हाय. त्यांचं ऐकू नका असं मी म्हननार न्हाई. तुमाला त्याच गावात ऱ्हायचंय. पोरगी माझ्या घरी ऱ्हानार न्हाई. आमच्या गल्लीत लताबाई शिवणकाम करत्यात, एकट्या असत्यात, तितं झोपंल. आन जेवायचं म्हनाल तर आपन तिला वार लावू."

आता तरुण मंडळींना वार म्हणजे काय ते ठाऊक नसेल. पूर्वी गरीब विद्यार्थी शिकायला परगावी जायचे, तेव्हा आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवायचे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्याला वार लावणं म्हणायचे. चाचांचे शाळेतले मास्तर तसे वारावर जेवून शिकलेले. चाचांनी लहानपणी ऐकलेली ती गोष्ट मनात ठेवली आणि एवढ्या वर्षांनी, इथं, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत बाहेर काढली. आणि काय म्हणाले माहितेय? "एका घरचं खाल्लं तर त्या घराची म्हनतील. सात घरचं खाल्लं तर कुनाला काय बोलताच येनार न्हाई."

आबा मग म्हणाले, "दसऱ्यापत्तुर. निवड झाली तर तुमची. न्हाई झाली तर ती आमच्याबरूबर कारखान्यावर."

चाचा म्हणाले, "मान्य."

तर अशी मी नगरला, या आपल्या नागापूरच्या गल्लीत आले. पत्र्याची पेटी, दोन ड्रेस, आणि पायात आईची चप्पल.

सात घरं. सगळी इथं बसलीयत, म्हणून मी कोणाची जास्त तारीफ करणार नाही, उगाच भांडणं नकोत. गुरुवार देशमुखबाईंचा. बाईंनीच मला त्यांच्या शाळेत घातलं आणि जेवता जेवता भागाकार शिकवला. घास आणि गणित एकदमच. रविवार पवारभाऊंचा, त्यांचं मटणाचं दुकान, म्हणजे रविवारी माझी दिवाळी. मंगळवार लताकाकूंचा. आणि शनिवार कोणीच घेईना. शनिवारी निम्म्या गल्लीला उपास, कुस्तीच्या पोरीला साबुदाणा घालून कसं भागणार? तो चाचांनी घेतला. चाची, तुमच्या हातची ज्वारीची भाकरी आणि अंड्याचं कालवण. काय सांगू. शनिवारी दुपारी शाळा सुटली की मी चालत नाही जायची, पळत जायची.

रमजानात एकदा मी दारातूनच मागे फिरले. दोघंही रोज्यावर. त्यांच्यासमोर बसून जेवायचं कसं? चाचांनी गल्लीच्या तोंडाशी गाठलं मला. म्हणाले, "रोजा आमचा हाय, तुझा हाय का? चल." चाचींनी गरम भाकरी टाकली. त्या वाढत होत्या, मी खात होते, आणि त्यांच्या तोंडात सकाळपासून पाण्याचा थेंब नव्हता. मी मान खाली घालून जेवले. आजही ती भाकरी आठवली की माझी मान खाली जाते.

मॅटवरही माझं बरं चाललं होतं. आमच्या कोच मॅडम म्हणायच्या, शेहेचाळीस किलोच्या गटात हिला तोड नाही, हिची निवड नक्की. नक्की म्हणजे नक्की. चाचणी रविवारी सकाळी होती.

आणि आता हसू नका. हसा, हसा. चाचांनाही हे सांगताना हसूच यायचं, पण ते फार पुढं. तेव्हा कोणी हसलं नव्हतं.

चाचांची सगळी कुस्ती यात्रेतली. यात्रेत वजन कोण करतं? पंच दोघांकडं नजर टाकतो, जोड बरोबरीची दिसली की लावून देतो. वजनकाटा म्हटलं की चाचांना भंगाराचं दुकान आठवायचं. मॅडमनी त्यांना बजावलं होतं, वजन सांभाळा. चाचांनी काय ऐकलं? वजन सांभाळा म्हणजे कमी होऊ देऊ नका! आणि त्या आठवड्यात चाचा स्वतः सातही घरी फिरले. "रविवारी पोरीची कुस्ती हाय. ताकद पायजे. हात आखडू नका."

आमची गल्ली, आणि हात आखडणार? प्रत्येक घराला वाटलं, चाचणीआधीचा आपला हा शेवटचा वार. सोमवारी शिरा. मंगळवारी लताकाकूंनी डिंकाचे लाडू केले, ऐन गरमीत. गुरुवारी देशमुखबाईंच्या पुरणपोळ्या, तुपात बुडवलेल्या, आणि बाई शेजारी बसून, "अगं, एवढीशीच घेतलीस?" शुक्रवारी बासुंदी. शनिवारी चाचींनी काय केलं नव्हतं ते विचारा. आणि पवारभाऊंचा रविवार चाचणीत जाणार होता, म्हणून त्यांनी शनिवारी संध्याकाळीच बोकडाच्या पायांचा रस्सा आणून दिला, हाडं मजबूत व्हायला. मी तेरा वर्षांची, जन्मभराची भुकेली. मी नको म्हणणार होते का?

रविवारी सकाळी काट्यावर उभी राहिले. तो काटा गेला तो गेलाच. चांगला दीड किलो वर.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. वजन घ्यायची वेळ संपायला थोडा अवकाश होता. घाम काढून वजन उतरवायला मला चाचांचा स्वेटर, त्यावर पवारभाऊंचा रेनकोट घालून मैदानावर पळवलं. आज मी कोच आहे, मी कुठल्याही पोरीला असं पळू देत नाही, कोणी पळवलं तर भांडते. पण त्या दिवशी मी पळाले. थुंकून थुंकून तोंड सुकलं. लताकाकूंनी शिवणाच्या कात्रीनं माझी वेणी कापली. तीही गेली. आणि काटा काही खाली येईना.

आणि हे सगळं चालू असताना चाचा फाटकाशी उभे होते. हातात डबा. कुस्ती झाल्यावर मला खायला म्हणून त्यात लाडू.

मला वरच्या गटात, पन्नासमध्ये खेळावं लागलं. समोर आली ती माझ्याहून डोक्यानं उंच. खोटं कशाला बोलू, चांगली पोरगी होती, तिनं मला स्वच्छ हरवलं. जोर केला मी. पळून पळून पायांत काही उरलंच नव्हतं. आणि शेहेचाळीसच्या गटात जी निवडली गेली, तिला मी सरावात कितीदा तरी चितपट केलं होतं. मी खाली बसून तिची कुस्ती बघितली. त्या दिवशी मी पहिल्यांदा लहान मुलासारखी रडले.

संध्याकाळी आई-आबा आले, मला न्यायला. ठरलंच होतं तसं. मी पेटी भरून लताकाकूंच्या ओट्यावर ठेवली होती.

चाचांनी आबांना इथं, वर्कशॉपमध्ये बसवलं. सातही घरं गोळा झाली. आणि भांडण सुरू झालं. असं भांडण मी आयुष्यात दुसरं ऐकलं नाही. देशमुखबाई म्हणाल्या, "माझ्या पुरणपोळीनं घात केला." पवारभाऊ म्हणाले, "छ्या बाई, पोळीनं कुठं वजन वाढतं, तो माझा रस्सा." लताकाकू म्हणाल्या, "लाडू माझेच होते, डिंक जड." जो तो चूक आपल्याकडं ओढतोय, दुसऱ्याला हात लावू देईना! आबा एकदा याच्याकडं, एकदा त्याच्याकडं बघतायत. आयुष्यभर लोक आबांच्या नावावर चुका टाकत आलेले. आबांनी असलं काही कधी पाहिलं नव्हतं.

चाचा मग आबांसमोर जमिनीवर बसले. म्हणाले, "तुमची पोरगी कुस्ती हारली न्हाई. आमी सगळ्यांनी मिळून तिला हारवली. आन त्यात पैला मी. शबूद दिलाय, तुमी पोरीला नेऊ शकता. मी आडवनार न्हाई. पर एक साल द्या मला. फकस्त एक साल."

आबा म्हणाले, "साल म्हंजे आख्खा सीझन. बारक्याला कोन बघनार फडात?"

लाडवांवरून भांडणारी माणसं, पण फडातलं आयुष्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी काय बोलावं?

तेव्हा माझी आई बोलली. माझी आई परक्या माणसांत कधी तोंड उघडत नाही. आजही बघा, पदर तोंडाशी धरून बसलीय. त्या दिवशी ती चाचींकडं वळली, बाकी कोणाकडं नाही. म्हणाली, "पोरीला ताप आला, तर उशाला कोन बसंल?"

चाची म्हणाल्या, "मी बसन."

एवढंच. आईनं मान हलवली आणि आबांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिला. बारकं मी बघते." आणि तो सीझन माझ्या आईनं ऊस तोडला, मोळ्या उचलल्या, भाकरी टाकल्या, आणि पोरही सांभाळलं. शिष्यवृत्ती मला ट्रस्टनं पुढच्या वर्षी दिली. पहिली शिष्यवृत्ती माझ्या आईनं दिलीय. ते माझ्या कुठल्याच प्रमाणपत्रावर लिहिलेलं नाही, म्हणून इथं सांगते.

मग सुरू झालं चाचांचं साल. बाप रे! जुन्या बाजारातून एक मोडका वजनकाटा आणला, खोलला, साफ केला, वर्कशॉपच्या दाराशी मांडला. दर शनिवारी जेवणाआधी काट्यावर. मॅडमकडं जाऊन बसायचे, काय खायचं, किती खायचं, कधी खायचं, सगळं विचारून घ्यायचे. आणि घराघरांत जाऊन पहारा. "बाई, पोळी अर्धी. तूप दावायचं, वाढायचं न्हाई." देशमुखबाई अर्धी पोळी वाढताना डोळे पुसायच्या. पवारभाऊंना म्हणाले, "चरबी काढ." पवारभाऊ चिडले. "चाचा, मटण विकायला मी बसलोय का तुम्ही?" पण काढायचे बरं का. हातानं निवडून काढायचे.

आणि उपाशी मात्र कधी ठेवलं नाही. चाचा म्हणायचे, "भुकेली पोरगी घरी जाता कामा न्हाई." तो काटा पुढं एवढा प्रसिद्ध झाला की एमआयडीसीतले कामगार जेवणाच्या सुट्टीत येऊन उभे राहायचे आणि चाचांच्या शिव्या खाऊन जायचे.

पुढच्या चाचणीला मी काट्यावर चढले तेव्हा चाचांनी डोळे मिटून घेतले होते. मीच ओरडले, "चाचा, बघा!" बरोबर भरलं. पुढच्या कुस्त्या तर सोप्या होत्या. निवड झाल्यावर मी पाया पडायला वाकले, तर मला म्हणतात कसे, "आता तरी नीट जेव गं. लई तरास दिला आमी तुला." आणि रडले. एवढा मोठा माणूस, ग्रीसच्या हातांनी डोळे पुसले आणि सगळं तोंड काळं.

मी वसतिगृहात गेले. बारावी झाले, पदवी झाले, पुढं कोच झाले, आज इथंच पोरींना शिकवते. मला वाटलं होतं माझ्यामागं वार बंद पडले असतील. कुठले! मी गेले आणि पुढच्याच जूनला चाचा दुसऱ्या गावच्या यात्रेतून दुसरी पोरगी घेऊन आले. मग तिसरी. कोणी कुस्तीची, कोणी धावणारी. काही निवडल्या गेल्या, काही नाही गेल्या. ज्या नाही गेल्या त्याही दहावी करून गेल्या. या मागं बघा, त्यातल्या किती जणी आल्यायत. त्यातली एक पोलिसात आहे, ती आज ड्युटीवरून तशीच आली.

मला सांगा, याला काय म्हणायचं? आपण शिष्यवृत्ती म्हटलं की मोठं नाव, मोठा फलक, हार-तुरे बघतो. ट्रस्टनं माझं शिक्षण केलं, मी त्यांची ऋणी आहे, मरेपर्यंत राहीन. पण त्या ट्रस्टच्या दारापर्यंत पोरीला न्यायचं कोणी? तिथवर तिला जेवू कोणी घालायचं? त्या मधल्या वाटेवर कोणी उभं नसतं हो. तिथं चाचा उभे होते.

आता शेवटचं सांगते आणि बसते.

चाचा गुरुवारी गेले. मयताच्या घरी तीन दिवस चूल पेटवत नाहीत, शेजारपाजार जेवण पाठवतो. शनिवारी दुपारी मी चाचींजवळ बसले होते. घर पाहुण्या बायकांनी भरलेलं. चाची दोन दिवस कोणाशी बोलल्या नव्हत्या. घास नाही, पाणी नाही. आणि एकदम उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि पिठाच्या डब्याचं झाकण काढलं. नेवाशाच्या मोठ्या नणंदबाई धावल्या. "अगं, चूल पेटवायची नाही, काय करतेस?"

चाची म्हणाल्या, "आज शनिवार आहे. पोरगी शाळेतून येईल. तिनं जेवायचं कुठं?"

यंदाची पोरगी सातवीतली. तिकडचीच, आमच्याच बाजूची. ती दाराबाहेर दप्तर घेऊन उभीच होती. आत यावं की न यावं, तिला कळत नव्हतं. मी तिला परत पाठवणार होते. खरं सांगते, मी म्हणणारच होते, बाळा, आज माझ्याकडं जेव.

पण नणंदबाईंनी चाचींच्या हातातलं झाकण हळूच काढून घेतलं आणि कोपऱ्यातले डबे पुढं ओढले. देशमुखबाईंनी पाठवलेला वरणभात होता. पवारभाऊंचा रस्सा होता. लताकाकूंच्या पोळ्या होत्या. पाहुण्यांसाठी सगळ्या घरांनी पाठवलेलं. चाचींनी ते ताटात वाढलं, पोरीला चाचांच्या जागेवर बसवलं, आणि समोर बसल्या. पोरगी जेवेना. म्हणाली, "चाची, तुमी बी जेवा." आणि चाची जेवल्या. दोन दिवसांनी पहिला घास त्यांनी त्या पोरीबरोबर खाल्ला.

चाचा, तुमच्या घरची चूल बंद होती, तरी तुमच्या घरातून शनिवारी पोरगी उपाशी गेली नाही.

चाची, मी रडले. हरले मी. तुम्ही जिंकलात.

मंडळी, आपण सगळे उभे राहू या. ज्याला फातेहा येतो त्यानं फातेहा म्हणा, ज्याला हात जोडायचेत त्यानं हात जोडा. ज्याला यातलं काही येत नाही त्यानं नुसतं डोळे मिटून चाचांना आठवा. ते चालेल त्यांना.

चाचा, तुमच्या उषीचा सलाम घ्या.